अनुत्तीर्णतेनंतरचे पंचेचाळीस दिवस

(जागतिक परिचारिका दिनानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात झालेल्या कार्यक्रमात प्रमुख पाहुण्यांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन. पाहुण्या आपल्याच परिचर्या विद्यालयाच्या माजी विद्यार्थिनी असून अमेरिकेत परिचर्येचे अध्यापन करतात.)



१२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस. या दिवशी दीपप्रज्वलन करावे, शपथ घ्यावी आणि वर्षभरात उत्तम सेवा बजावणाऱ्या परिचारिकांचा गौरव करावा, ही आपल्या संस्थेची जुनी परंपरा. आज ज्यांचा सत्कार झाला त्या सर्वांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करते. संयोजकांनी मला विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा मी त्यांना एक विनंती केली. ज्यांचे नाव अशा व्यासपीठावरून कधीच पुकारले जात नाही, त्यांच्याविषयी मला बोलू द्यावे. परवान्याची परीक्षा दिली, त्यात अपयश आले, आणि आता पुन्हा बसावे की नाही या विचाराने ज्यांची झोप उडाली आहे, अशा परिचारिकांविषयी मी आज बोलणार आहे.

दरवर्षी येथील काही मुली अमेरिकेतील परवाना-परीक्षेची तयारी करतात. त्यांपैकी काही जणी आज या सभागृहातही असतील. देणगीदारांच्या मनात येथे एक रास्त प्रश्न उभा राहील: परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या परिचारिकांच्या परीक्षेशी आमच्या रुग्णालयाचा काय संबंध? रुग्णांच्या नातेवाइकांचा प्रश्न त्याहून थेट असेल: परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या परिचारिकेच्या हाती आम्ही आमचे माणूस कसे सोपवावे? दोन्ही प्रश्नांची उत्तरे देण्याचा मी प्रयत्न करणार आहे. त्यासाठी आधी ही परीक्षा काय आहे, ते समजून घ्यावे लागेल.

आपल्याकडे शिक्षणक्रमाची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते आणि परिचारिका सेवेत रुजू होऊ शकते. अमेरिकेत पदवी किंवा पदविका हाती आल्यावरही आणखी एक उंबरठा ओलांडावा लागतो. तेथे कोणीही स्वतःला परिचारिका म्हणवून घ्यावे, अशी एके काळी स्थिती होती. १९०३ साली नॉर्थ कॅरोलिना राज्याने परिचारिकांच्या नोंदणीचा त्या देशातील पहिला कायदा केला आणि पुढे इतर राज्यांनी त्याचे अनुकरण केले. आज सर्व राज्यांसाठी एकच परीक्षा असून तिचे नाव ‘एनक्लेक्स’ असे आहे. राज्यांच्या परिचर्या मंडळांची मिळून बनलेली राष्ट्रीय परिषद ती घेते. कॅनडातील बहुतेक प्रांतांनीही २०१५ पासून हीच परीक्षा स्वीकारली आहे. भारतातील उमेदवारांसाठी मुंबईसह काही शहरांत तिची केंद्रे आहेत.

पूर्वी ही परीक्षा कागदावर होत असे. वर्षातून दोनदाच ती घेतली जाई आणि सलग दोन दिवस चाले. अनुत्तीर्ण झालेल्या उमेदवाराला पुढच्या खेपेसाठी कित्येक महिने थांबावे लागे. १९९४ पासून ती संगणकावर होऊ लागली आणि तिचे स्वरूपच पालटले. संगणक प्रत्येक उमेदवाराला वेगळे प्रश्न देतो. उत्तर बरोबर आले तर पुढचा प्रश्न अधिक कठीण येतो, चुकले तर थोडा सोपा येतो. उमेदवाराला बरोबर उत्तर देण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास राहील, असे प्रश्न तो शोधत असतो. त्यामुळे उत्तीर्ण होणाऱ्या परिचारिकेचेही पुष्कळ प्रश्न चुकतात, आणि बाहेर पडताना जवळजवळ प्रत्येकीला वाटते की आपले काही खरे नाही.

सध्या या परीक्षेत किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्न असतात आणि वेळ पाच तासांचा असतो. त्यांपैकी १५ प्रश्न केवळ चाचणीसाठी घातलेले असतात. त्यांचे गुण धरले जात नाहीत, मात्र ते कोणते, हे उमेदवाराला कळत नाही. ही परिचारिका सुरक्षिततेच्या रेषेच्या वर आहे किंवा खाली आहे, याची ९५ टक्के खात्री पटली की संगणक परीक्षा थांबवतो. म्हणून ८५ प्रश्नांवर संगणक बंद पडला तर पास, १५० पर्यंत गेला तर नापास, ही मुलींमध्ये पसरलेली समजूत निराधार आहे. ८५ वर उत्तीर्णही होतात आणि अनुत्तीर्णही होतात. १५० वरही तसेच.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. या परीक्षेत गुणवत्ता यादी नाही, श्रेणी नाही, पहिला-दुसरा क्रमांक नाही. नव्याने कामाला लागणारी ही परिचारिका रुग्णासाठी सुरक्षित आहे काय, एवढाच एक प्रश्न ती विचारते. २०२२ साली अमेरिकेतच शिकलेल्या आणि पहिल्यांदा परीक्षेला बसलेल्या उमेदवारांपैकी सुमारे ८० टक्के उत्तीर्ण झाले. म्हणजे त्याच देशात, त्याच भाषेत, त्याच पद्धतीने शिकलेल्या पाचांपैकी एकाला तेथे अपयश आले. २०२३ साली हे प्रमाण सुधारून सुमारे ८८ टक्क्यांवर गेले. बाहेरच्या देशांत शिकून आलेल्यांचे प्रमाण याहून बरेच कमी असते आणि दुसऱ्यांदा बसणाऱ्यांचेही कमीच असते. ही गोष्ट मी लपवून ठेवणार नाही. पुन्हा बसणे म्हणजे आपोआप पास होणे नव्हे.

आता अपयशाचा निकाल घरी येतो तेव्हा काय घडते, ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. शुल्क दोनशे डॉलर, अमेरिकेबाहेर परीक्षा दिली तर त्यावर आणखी दीडशे डॉलर, कागदपत्रांच्या तपासणीचा खर्च वेगळा. कोणी पतसंस्थेचे कर्ज काढलेले असते, कोणाच्या आईने बांगड्या गहाण ठेवलेल्या असतात. “आमची मुलगी अमेरिकेला जाणार” हे शेजारीपाजारी आधीच सांगून झालेले असते. निकाल आल्यावर नातेवाईक एकच प्रश्न विचारतात, “काय झाले?” आणि त्या प्रश्नाला उत्तर देण्यापेक्षा पुढच्या लग्नकार्याला न गेलेलेच बरे, असे मुलीला वाटू लागते. दहा-दहा वर्षे अतिदक्षता विभागात काम केलेल्या, रात्री-अपरात्री कित्येकांचे प्राण वाचवलेल्या परिचारिका एका निकालाने स्वतःला मूर्ख समजू लागतात.

अशा वेळी त्यांच्या हाती एक कागद पडतो आणि बहुतेक जणी तो डोळ्यांत पाणी आणून कपाटात ठेवून देतात. उत्तीर्ण झालेल्यांना तो मिळत नाही, फक्त अनुत्तीर्णांनाच मिळतो. तो उमेदवाराच्या कामगिरीचा अहवाल असतो. परीक्षेच्या प्रत्येक भागात ती रेषेच्या वर होती, रेषेजवळ होती की खाली होती, हे त्यात लिहिलेले असते. रुग्णसेवेचे व्यवस्थापन, सुरक्षितता व जंतुसंसर्ग-नियंत्रण, औषधोपचार, धोके ओळखणे व कमी करणे, मानसिक-सामाजिक आधार असे ते भाग. तिने किती प्रश्न सोडवले, हेही त्यात असते. १५० प्रश्नांपर्यंत जाऊन अपयश आले असेल, तर शेवटपर्यंत संगणकाला निर्णय करता आला नव्हता, म्हणजे ती रेषेच्या अगदी जवळ होती. ८५ वरच थांबले असेल, तर अंतर अधिक आहे आणि तयारीला अधिक काळ द्यायला हवा. रक्ततपासणीचा अहवाल आपण कपाटात ठेवून देत नाही. तो वाचतो आणि त्यावरून उपचार ठरवतो. या कागदाचेही तसेच करावे.

माझ्या एका विद्यार्थिनीची हकीकत तिच्या परवानगीने, नाव न घेता सांगते. मुंबईत अतिदक्षता विभागात काम करणारी ही मुलगी रविवारी सकाळी नाईट संपवून मला दूरध्वनी करी. माझ्याकडे तेव्हा शनिवारची रात्र असे. पहिल्या प्रयत्नात अपयश आल्याचे तिने सासरी सांगितले नव्हते. “मला काहीच येत नाही, मॅडम,” हे तिचे पहिले वाक्य. मी तिला अहवाल वाचून दाखवायला सांगितले. गंभीर रुग्णांच्या शारीरिक स्थितीविषयीच्या भागात ती रेषेच्या वर होती. औषधोपचारात रेषेजवळ होती. फक्त रुग्णसेवेचे व्यवस्थापन आणि धोके कमी करणे या दोन भागांत ती खाली होती. काहीच येत नाही असे म्हणणाऱ्या मुलीचे नेमके कोठे अडले होते, हे त्या कागदाने सांगितले. का अडले, हे मात्र आम्हांला शोधावे लागले.

त्यासाठी मी सर्वांना सांगते तेच तिलाही सांगितले. सरावाचे प्रश्न सोडवताना एक वही करावी. चुकलेला प्रत्येक प्रश्न तीनपैकी एका रकान्यात टाकावा. पहिला रकाना: माहितीच नव्हती. दुसरा: प्रश्न नीट वाचला नाही. तिसरा: सर्व माहीत होते, परंतु आधी काय करायचे ते चुकले. आठवड्याभरात तिची वही बोलू लागली. पहिले दोन रकाने जवळजवळ रिकामे होते आणि तिसरा भरून वाहत होता. त्या तिसऱ्या रकान्यातही एकच उत्तर पुन्हा पुन्हा येत होते. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी तिने पहिली कृती म्हणून “डॉक्टरांना कळवणे” हा पर्याय निवडला होता.

याचा अर्थ सर्वांना कळावा म्हणून एक साधे उदाहरण देते. रुग्णाला रक्त चढवले जात आहे. दहा मिनिटांत त्याला हुडहुडी भरते, कंबर दुखू लागते, जीव घाबरा होतो. परिचारिकेने प्रथम काय करावे? आपल्याकडील बहुतेक मुली सांगतात, डॉक्टरांना बोलवावे. परीक्षेचे उत्तर आहे, प्रथम रक्त थांबवावे. त्यानंतर नवी नळी लावून सलाईनने शीर सुरू ठेवावी, नाडी-रक्तदाब पाहावा आणि लगेच डॉक्टरांना कळवावे. मधल्या प्रत्येक मिनिटात तेच रक्त शरीरात जात राहते, म्हणून हा क्रम. डॉक्टरांना कळवणे चूक नाही, ते आवश्यकच आहे. पण स्वतःच्या अधिकारातील जी कृती रुग्णाला तत्काळ वाचवते, ती हातावेगळी केल्यावर ते करायचे.

त्या मुलीला हे माहीत नव्हते काय? पूर्ण माहीत होते. तिने मला विचारले, “मॅडम, इथे मी न विचारता रक्त बंद केले आणि डॉक्टर रागावले तर?” तिच्या अपयशाचे मूळ त्या वाक्यात होते. दहा वर्षांत तिच्या हातांनी परवानगीची वाट पाहण्याची सवय लावून घेतली होती, आणि परीक्षेच्या खोलीत जेथे रागावणारे कोणी नव्हते, तेथेही ती सवय तिच्याबरोबर गेली.

दुसरे उदाहरण रुग्णांच्या नातेवाइकांनी अवश्य लक्षात ठेवावे. सकाळच्या ड्यूटीला परिचारिकेकडे चार रुग्ण आले आहेत. एकाची काल शस्त्रक्रिया झाली आहे आणि तो वेदनेने ओरडत आहे. दुसऱ्याला न्यूमोनिया असून १०१ अंश ताप आहे, त्याची प्रतिजैविके चालू आहेत. तिसऱ्या मधुमेही रुग्णाची जेवणापूर्वीची साखर २१० आहे. चौथा दम्याचा रुग्ण रात्रभर छातीतून घरघर, शीळ असा आवाज करत होता. आता आवाज थांबला आहे, पण त्याचे श्वास घेण्याचे कष्ट तसेच आहेत आणि त्याला गुंगी येते आहे. आधी कोणाकडे जावे? ओरडणाऱ्याकडे पाय आपोआप वळतात. दम्याच्या रुग्णाजवळ बसलेल्या नातेवाइकाला तर वाटते, आवाज थांबला, आता आराम पडला. वास्तविक श्वासाची घरघर थांबणे आणि रुग्ण गुंगीत जाणे याचा अर्थ हवा आत-बाहेर जाणेच बंद होऊ लागले आहे, असा असू शकतो. पहिली धाव त्याच्याकडे घ्यावी लागते. वॉर्डात सर्वांत मोठा आवाज करणारा रुग्ण सर्वांत गंभीर असतोच असे नाही.

१ एप्रिल २०२३ पासून तर या परीक्षेत अशाच परिस्थितीचे संपूर्ण प्रसंग देण्यात येतात. रुग्णाची नोंदपत्रिका, तपासण्या, परिचारिकेच्या टिपणी पडद्यावर दिसतात आणि त्यावर सहा प्रश्न येतात. कोणती लक्षणे महत्त्वाची, त्यांचा अर्थ काय, सर्वांत धोक्याचे काय, काय करता येईल, प्रत्यक्ष काय करावे, आणि केल्यावर गुण आला का, हे कसे ओळखावे, अशी ती सहा पावले असतात. म्हणून ज्येष्ठ मैत्रिणींकडून मिळालेली २०२३ पूर्वीची पुस्तके एवढ्यावर आता विसंबू नये.

आपल्या आणि तेथील पद्धतींत आणखी काही फरक आहेत. ते अडखळायला लावतात, मात्र थोड्या सरावाने दूर होतात. आपले पॅरासिटामॉल तेथे अॅसिटामिनोफेन होते, साल्ब्युटामॉल अल्ब्युटेरॉल होते आणि अॅड्रेनालिन एपिनेफ्रिन होते. मुलाचे वजन पौंडांत दिलेले असू शकते. ६६ पौंड म्हणजे ३० किलो, हा हिशेब चुकला तर औषधाची मात्रा दुपटीहून अधिक होईल. कामाच्या वाटपाचा फरक मात्र खोल आहे. आपल्या वॉर्डांत मावशी, मामा आणि रुग्णाचे नातेवाईक पुष्कळ कामे सांभाळतात. लघवीची पिशवी किती भरली, हेही कित्येकदा नातेवाईकच सांगतात. परीक्षेत सहायकाकडे रुग्णाला आंघोळ घालणे, भरवणे, स्थिर रुग्णाची नाडी मोजणे अशी कामे देता येतात. रुग्णाची अवस्था पारखणे, त्याला समजावून शिकवणे आणि उपचाराचा परिणाम जोखणे ही परिचारिकेची स्वतःची कामे ठरतात आणि ती दुसऱ्याच्या स्वाधीन करता येत नाहीत.

आता त्या पंचेचाळीस दिवसांविषयी. राष्ट्रीय परिषदेच्या नियमानुसार दोन प्रयत्नांमध्ये किमान ४५ दिवसांचे अंतर असावे लागते. राज्यांचे नियम याहून कडक असू शकतात. फ्लोरिडात सलग तीनदा अपयश आल्यास मंजुरीप्राप्त उजळणी-वर्ग पूर्ण केल्याशिवाय पुढे बसता येत नाही. म्हणून ज्या राज्याकडे अर्ज केला असेल, त्याचे नियम आधी वाचावेत. पूर्वीच्या काही महिन्यांच्या तुलनेत ४५ दिवस ही मोठी सवलत आहे. पण तीच फसवीही आहे. पुष्कळ जणी सेहेचाळिसाव्या दिवशी तीच वही, तेच पाठांतर आणि तीच सवय घेऊन पुन्हा केंद्रावर जातात. पंचेचाळीस ही किमान मर्यादा आहे. दुसऱ्यांदा केव्हा बसावे, हे दिनदर्शिकेने ठरवू नये, वहीने ठरवावे. तिसरा रकाना आटू लागला की तारीख घ्यावी.

पहिला आठवडा विश्रांतीचा आणि अहवालाच्या वाचनाचा ठेवावा. त्यानंतर रोज थोडे प्रश्न सोडवावेत, पण प्रत्येक प्रश्नाचे कारण लिहून काढावे. बरोबर आलेल्या उत्तराचेही कारण लिहावे, कारण नशिबाने आलेले उत्तर परीक्षेत पुन्हा येईलच असे नाही. अखेरच्या आठवड्यांत परीक्षेच्या ज्या वेळी बसायचे, त्याच वेळी सलग पाच तास बसण्याचा सराव करावा. नाईट करून थेट परीक्षेला जाऊ नये. आणखी एक सावधगिरी सांगते. हमखास उत्तीर्ण करून देतो, परीक्षेतले प्रश्न आणून देतो, असे सांगणारे मध्यस्थ भेटतात. परीक्षेतील प्रश्न बाहेर न सांगण्याचे बंधन प्रत्येक उमेदवाराने मान्य केलेले असते. ते मोडल्यास निकाल रद्द होऊ शकतो. प्रत्येकीची प्रश्नपत्रिका वेगळी असल्याने चोरलेल्या प्रश्नांचा उपयोगही नाही. त्या पैशांत घरची बांगडी सुटेल.

ती मुलगी दुसऱ्या प्रयत्नातही उत्तीर्ण झाली नाही. परंतु दुसऱ्या वेळचा अहवाल पहिल्यासारखा नव्हता. जे दोन भाग रेषेखाली होते, त्यांपैकी एक वर आला होता आणि दुसरा रेषेजवळ पोचला होता. या वेळी तिने तो कागद कपाटात ठेवला नाही. प्रथम नवऱ्याला आणि मग सासूबाईंना दाखवला. सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे तू पुढे सरकते आहेस की!” त्या दिवसापासून घरातील सकाळचा स्वयंपाक त्यांनी स्वतःकडे घेतला. तिसऱ्या प्रयत्नात ती उत्तीर्ण झाली. माझ्या दुसऱ्या एका विद्यार्थिनीने तीन प्रयत्नांनंतर थांबण्याचा निर्णय घेतला. आज ती एका तालुक्याच्या गावी डायलिसिस विभाग सांभाळते. तिच्या वहीचा तिसरा रकाना तिला तेथे रोज उपयोगी पडतो, असे ती सांगते. तिचाही निर्णय मी तितक्याच आदराने येथे नोंदवते.

आता सुरुवातीच्या दोन प्रश्नांकडे वळते.

रुग्णांच्या नातेवाइकांना मी सांगेन, की पुन्हा बसणाऱ्या परिचारिकेसाठी सुरक्षिततेची रेषा तसूभरही खाली आणली जात नाही. तिसऱ्यांदा बसणारीला तीच रेषा आणि तीच ९५ टक्क्यांची खात्री. रेषा कडक असावी, असे मलाही वाटते, कारण पलीकडे कोणाचे तरी माणूस अंथरुणावर असते. ती ओलांडून आलेल्या परिचारिकेला परवाना मिळतो, तो इतरांसारखाच पूर्ण असतो. अपयशामुळे कोणी आपोआप चांगली परिचारिका होत नाही. परंतु आपण नेमके कोठे आणि का चुकतो, हे लेखी पाहून ते दुरुस्त करण्याची संधी आपल्यापैकी किती जणांना मिळते? ज्या परिचारिकेने ते प्रामाणिकपणे केले आहे, तिच्या हाती मी माझे माणूस निःशंकपणे सोपवीन.

देणगीदार आणि विश्वस्तांना माझे निवेदन असे. या परीक्षेची तयारी करणाऱ्या सगळ्याच मुली परदेशी जात नाहीत. काही जातील, काही येथेच राहतील. पण “आधी काय करावे” या प्रश्नाचा ज्या वॉर्डात रोज विचार होतो, त्या वॉर्डातील रुग्ण अधिक सुरक्षित असतो, मग परिचारिका कोठेही जावो. म्हणून मी या संस्थेकडे परीक्षेचे शुल्क मागत नाही. मी तीन गोष्टी मागते. पहिली, आठवड्यातून एक तास, ज्यात एखाद्या ज्येष्ठ परिसेविकेने सर्वांना घेऊन बसावे आणि त्या आठवड्यातील एका रुग्णाविषयी प्रथम काय करावे याची चर्चा करावी. दुसरी, परीक्षेला बसणाऱ्या मुलीला शेवटच्या आठवड्यात नाईट देऊ नये. तिसरी सर्वांत महत्त्वाची आणि बिनखर्चाची आहे. रक्त चढत असताना रुग्णाला हुडहुडी भरली आणि परिचारिकेने विचारण्यापूर्वी रक्त थांबवले, तर तिला रागावले जाणार नाही, हे या रुग्णालयात सर्वांना स्पष्टपणे सांगितले जावे. त्या एका वाक्याने परीक्षा सोपी होईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. रात्री तीन वाजता येथील एखाद्या कॉटवरच्या रुग्णाला मात्र त्याचा उपयोग निश्चित होईल.

शेवटी, या सभागृहात जिच्या कपाटात तो कागद पडून आहे, तिच्यासाठी दोन शब्द. मुली, आज घरी गेल्यावर तो बाहेर काढ. तो अगदी सावकाश, वॉर्डातल्या कोणत्याही रुग्णाचा अहवाल वाचतेस तितक्याच शांतपणे वाच. नंतर तो घरच्या एका तरी माणसाला दाखव. पुन्हा बसायचे की नाही, हे त्यानंतर ठरव.